बाभळीचे काटे, काळी माती आणि पाण्याचा वाकडा रेणू

या महिन्याच्या टपालात रेणूंच्या आकाराबद्दलची पाच पत्रं निघाली आणि पाचही खानदेशातली. अकरावीला हा धडा दिवाळीच्या आगेमागे होतो, त्यामुळे विद्यार्थ्यांची पत्रं येणार हे ठरलेलंच. पण एक पत्र रावेरकडच्या केळीच्या मळ्यातून आलंय, त्याचा आनंद वेगळाच. म्हणून या वेळची सगळी जागा या पाच जणांची.

पाण्याच्या रेणूत तीन अणू आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूतही तीनच. मग पाणी वाकडं आणि कार्बन डायऑक्साइड सरळ, असं का? क्लासमध्ये विचारलं तर सांगितलं, टेबल पाठ कर.
— अकरावीची विद्यार्थिनी, शिरपूर

बेटा, टेबल बाजूला ठेव आणि आधी बांधावर जाऊन ये. बाभळीचे लांब, सरळ, पांढरे काटे आण, आठ-दहा पुरेत. शेतातली काळी माती आण आणि पोळ्याचे बैल करताना मळतो तशी घट्ट मळ. घरातून मूठभर भिजवलेले हरभरे घे. मी अमळनेरची, एकतीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं हेच सामान घेऊन वर्गात गेले. गोळ्या-काड्यांचे प्लॅस्टिकचे संच कपाटात कुलपात असायचे. बांधाला कुलूप नसतं.

मातीचा लिंबाएवढा गोळा कर. मोठा केलास तर वाळताना भेगा पडतील, आपली माती तशीच आहे. हा गोळा म्हणजे मधला अणू. काट्याचा जाड बुंधा मातीत खुपसायचा, टोक बाहेर. प्रत्येक काटा म्हणजे इलेक्ट्रॉनांची एक जोडी. टोकावर हरभरा टोचला तर ती बंधाची जोडी, कारण तिच्या टोकाला दुसरा अणू आहे. टोक मोकळं राहिलं तर ती एकाकी जोडी, तुमच्या पुस्तकातली ‘लोन पेअर’. नियम एवढाच की या जोड्या एकमेकींना ढकलतात आणि प्रत्येक जोडी बाकीच्यांपासून जमेल तितकी लांब जाऊन बसते. (ढकलण्यामागे नुसता ऋणभार नसतो. सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी राहू शकत नाहीत हा पाउलीचा नियम त्यामागे आहे. तो तुला पुढे सविस्तर भेटेल.)

दोन काटे असतील तर ते समोरासमोर जातील, १८० अंशांवर. तीन असतील तर सपाट त्रिकोण, १२० अंश. चार काटे दिल्यावर तू काय करशील ते मला माहीत आहे, कारण दरवर्षी सगळा वर्ग तेच करतो: अधिकचं चिन्ह. शेजारच्या दोन काट्यांत ९० अंश. कागदावर याहून बरं काही जमत नाही हे खरं. पण गोळा कागदावर नाही, तुझ्या हातात आहे. आता समोरासमोरचे दोन काटे थोडे वर उचल आणि उरलेले समोरासमोरचे दोन तेवढेच खाली दाब. शेजाऱ्यांमधलं अंतर वाढत जाईल. वाढता वाढता एक जागा अशी येते की कुठलेही दोन काटे धरले तरी मधला कोन सारखाच, १०९.५ अंश. गोळा टेबलावर ठेव. तीन पाय खाली, एक काटा सरळ वर. कसाही फिरवून ठेवलास तरी तसाच बसेल. यालाच चतुष्फलक म्हणतात. ‘टेट्राहेड्रल’ हा शब्द मराठी शाळेतून आलेल्या मुलांना दचकवतो. अर्थ साधा आहे, चार फलकांचा, म्हणजे चार सपाट बाजूंचा.

आता तुझं पाणी. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन. दोन हायड्रोजनशी बंध करायला त्यातले दोन लागले. राहिले चार, म्हणजे दोन जोड्या. दोन जोड्या बंधाच्या आणि दोन एकाकी, एकूण काटे चार. चार म्हटलं की चतुष्फलक. त्यातल्या दोनच टोकांवर हरभरे लाव. मग डोळे किंचित मिटून काटे विसर, फक्त गोळा आणि दोन हरभरे बघ. वाकडं दिसतंय ना? पाण्याला वाकवणाऱ्या दोन जोड्या आकृतीत दिसत नाहीत, पण जागा त्यांनी अडवलेली असते.

कार्बन डायऑक्साइडमध्ये मधला कार्बन. त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन चार आणि चारही बंधांत गेले, शिल्लक काही नाही. प्रत्येक ऑक्सिजनशी दुहेरी बंध, म्हणजे दोन-दोन काटे एकाच दिशेला जुडी बांधून उभे. दुहेरी असो की तिहेरी, दिशा एकच मोजायची. दोन दिशा, १८० अंश, सरळ रेषा. दोन्ही रेणूंत अणू तीन, हे तू बरोबर मोजलंस. मधल्या अणूभोवतीच्या दिशा मात्र एकात चार आणि दुसऱ्यात दोन.

पाण्याचा कोन नेमका १०९.५ नसून १०४.५ आहे. अमोनियाचा (एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन) सुमारे १०७. मिथेनमध्ये (एक कार्बन, चार हायड्रोजन) एकही एकाकी जोडी नाही, अमोनियात एक, पाण्यात दोन. एकेक एकाकी जोडी वाढली तसा कोन आवळत गेला. दोन खांबांना ताणून बांधलेली वाळवणाची दोरी बघ, बारीक आणि सरळ. तीच दोरी एका खांबाला बांधून सोडून दे, बुंध्याशी ढीग होतो. बंधाची जोडी दोन अणुकेंद्रकांनी ताणलेली असते. एकाकी जोडीला एकच केंद्रक धरून असतं, म्हणून ती मधल्या अणूजवळ ऐसपैस पसरते आणि शेजारच्या बंधांना रेटते. अहिराणीत सांगायचं तर ‘सरक ना भो, माले जागा दे!’

या वाकडेपणाचं मोल उन्हाळ्यात भुसावळच्या माणसाला विचार. रेणू वाकडा म्हणून त्याची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडची किंचित धन राहते, आणि एका रेणूची धन बाजू दुसऱ्याच्या ऋण बाजूला घट्ट धरते. ही धरलेली मूठ सोडवायला उष्णता लागते. माठातून पाझरलेलं पाणी उडताना ती उष्णता माठाकडूनच घेतं, म्हणून पारा ४५ वर असताना माठ गार. सरळ कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना खोडून काढते. तो रेणू पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड, तरी आपल्या हवेत तो वायूच असतो.

मुलाला रेणूंच्या आकाराचा तक्ता पाठ होत नाही. रोज रडकुंडीला येतो. घोकून घ्यावं का?
— एक आई, चोपडा

ताई, घोकून घेऊ नका. हे मी अनुभवावरून सांगते.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला परीक्षेत मी अमोनियाचा रेणू सपाट त्रिकोण काढला होता. नायट्रोजन मध्ये, तीन बाजूंना तीन हायड्रोजन. तीन म्हटलं की त्रिकोण, असंच डोक्यात होतं. उत्तरपत्रिकेवर लाल फुली आली. शिकवणाऱ्यांना विचारायला गेले तर त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं: ‘इथे पिरॅमिडल लिहिलंय, वाचता येतं ना?’ त्या दिवशी रसायनशास्त्र सोडावं असं वाटलं होतं.

सुट्टीत घरी आले. आमच्याकडे वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथून माझ्या धाकट्या भावाने चार फुगे आणले होते, चौघांची तोंडं एका गाठीला बांधलेली. ओट्यावर बसून मी ते वर उडवत होते. कसेही पडले तरी तीन खाली, एक वर. चार-पाचदा बघितल्यावर लक्षात आलं की हा मिथेन आहे. कुणी मांडलेला नाही, फुग्यांनी एकमेकांना ढकलून आपला आपण मांडलाय. तेवढ्यात एक फुगा फुटला आणि उरलेले तीन क्षणात सपाट झाले, अगदी माझ्या उत्तरपत्रिकेतल्या आकृतीसारखे. आई आतून विचारत होती, ‘काय करी ऱ्हायनी व?’ आणि मी हातात तीन फुगे घेऊन तशीच बसलेली. अमोनियात चौथा फुगा फुटलेला नाही! नायट्रोजनचे पाच इलेक्ट्रॉन, तीन बंधांत गेले, दोन उरले. ती उरलेली जोडी वर बसून तिन्ही बंधांना खाली दाबते, म्हणून अमोनिया तिवईसारखा. तक्त्यातल्या एका शब्दामागे एवढं घडत असतं आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

मुलाला फुगे आणून द्या. घोकायचा तक्ता मुळात कुणीतरी मोजूनच तयार केलेला आहे. ऑक्सफर्डचे सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये तोपर्यंत ठाऊक असलेले रेणू गोळा करून दाखवलं की जोड्यांची संख्या सांगितली की आकार बहुतेक सांगता येतो. जपानमध्ये त्सुचिदा यांनाही त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, हेच सुचलं होतं. पुढे १९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गिलेस्पी आणि न्यहोम यांनी एकाकी जोडी जास्त जागा घेते वगैरे बारकावे घालून तो नियम आजच्या रूपात बांधला. मुलाला फक्त तीन गोष्टी करायला शिकवा: मधल्या अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजणं, बंधात किती गेले ते वजा करणं, आणि उरलेल्यांच्या जोड्या लावणं. दोन आठवड्यांत तक्ता त्याला स्वतःच लिहिता येईल.

आमच्या भागात पूर्वी कार्बाइड टाकून माल पिकवत. आता रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन सोडतात. मुलगा म्हणतो दोन्ही गॅस कार्बन-हायड्रोजनचेच, फक्त आकार वेगळा. खरं आहे का? आणि कार्बाइड वाईट ते आकारामुळे का?
— एक केळी उत्पादक, रावेर

भाऊ, मुलगा पहिल्या भागात अगदी बरोबर आहे, त्याला शाबासकी द्या.

कार्बाइडला हवेतला ओलावा लागला की ॲसिटिलीन निघतो. त्यात दोन कार्बन, दोन हायड्रोजन, कार्बनांमध्ये तिहेरी बंध. प्रत्येक कार्बनभोवती दिशा दोनच, एक दुसऱ्या कार्बनकडे आणि एक हायड्रोजनकडे. त्यामुळे चारही अणू एका रेषेत, तुरीच्या काडीसारखे. इथिलीनमध्ये दोन कार्बन, चार हायड्रोजन आणि मध्ये दुहेरी बंध. प्रत्येक कार्बनभोवती तीन दिशा, म्हणून जवळपास १२० अंश. ‘जवळपास’ म्हणण्याचं कारण असं की दुहेरी बंध साध्या बंधापेक्षा जाड असतो, तो शेजाऱ्यांना जास्त रेटतो. मोजून बघितलं तर दोन हायड्रोजनमधला कोन ११७ च्या आसपास आणि दुहेरी बंधालगतचा १२१ च्या. दुहेरी बंध स्वतःभोवती पिळ घेऊ देत नाही, म्हणून सगळे सहा अणू एका पातळीत राहतात, केळीच्या पानावर ठेवल्यासारखे.

फळ पिकतं ते मात्र आकार बघून नाही. केळीच्या पेशींमध्ये इथिलीन ओळखणारी प्रथिनं असतात, त्यांत तांब्याचा अणू बसलेला असतो. इथिलीनच्या दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन त्या तांब्याला धरतात आणि पिकण्याची क्रिया सुरू होते. ॲसिटिलीनच्या तिहेरी बंधालाही ते जमतं, पण पकड बरीच कमजोर, म्हणून तो कितीतरी जास्त लागतो. इथिलीन तर केळी स्वतःही तयार करतात. चेंबरमध्ये आपण त्याची सुरुवात करून देतो, आणि त्यालाही हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग एवढी मर्यादा आहे.

कार्बाइडवर बंदी आहे ती त्यातल्या भेसळीमुळे. बाजारातलं कार्बाइड शुद्ध नसतं, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात आणि ओलावा लागला की ॲसिटिलीनबरोबर आर्सिन आणि फॉस्फिन हे विषारी वायूही निघतात. कार्बाइडच्या पुडीजवळ लसणासारखा उग्र वास येतो तो या भेसळीचाच, शुद्ध ॲसिटिलीनला तसा वास नसतो. तुम्ही चेंबरकडे वळलात हे फार चांगलं केलंत. मजूर बायका त्या पुड्या उघड्या हातांनी घडांमध्ये ठेवायच्या, ते मी लहानपणी पाहिलंय.

पाण्याचा कोन १०४.५, मग त्याच गटातल्या हायड्रोजन सल्फाइडचा ९२ कसा? मुलं विचारतात आणि मला समाधानकारक सांगता येत नाही.
— एक शिक्षक, नंदुरबार

सर, तुमची मुलं हा प्रश्न विचारतात म्हणजे तुम्ही चांगलं शिकवताय. नियम इथे दिशा बरोबर सांगतो, कोन १०९.५ पेक्षा कमी असणार. किती कमी, ते मात्र तो सांगू शकत नाही. फॉस्फिनही (फॉस्फरसला तीन हायड्रोजन) तसाच, अमोनियाच्या १०७ ऐवजी साडेत्र्याण्णव.

मी वर्गात असं सांगत असे: ऑक्सिजन बंधाच्या जोड्यांना आपल्याकडे घट्ट ओढून घेतो, त्यामुळे त्या जोड्या मध्यभागी दाटीवाटीने येतात आणि एकमेकींना फार जवळ येऊ देत नाहीत. हायड्रोजन सल्फाइडमधला गंधक, म्हणजे सल्फर, मोठा, त्याची ओढही कमी. बंधाच्या जोड्या त्याच्यापासून लांब, हायड्रोजनकडे सरकलेल्या. मध्यभागी दाटी कमी झाली की एकाकी जोड्यांना पसरायला रान मोकळं मिळतं आणि त्या बंधांना थेट ९० च्या जवळ रेटतात. अकरावीसाठी एवढं पुरतं. एखाद्या चौकस मुलाला हेही सांगा की मोरचुदातल्या तांब्यासारख्या संक्रमण धातूंना हा नियम लावायचा नाही. तिथे आतल्या कक्षेतले इलेक्ट्रॉनही आकारात हात घालतात. नियम कुठे थांबतो ते सांगितलं की मुलांचा त्याच्यावरचा विश्वास वाढतो, असं मला दरवर्षी दिसलं.

क्लोरीन ट्रायफ्लोराइडचा आकार इंग्रजी ‘टी’सारखा का? तीन फ्लोरीन आहेत तर त्रिकोण का नाही?
— बारावीचा विद्यार्थी, चाळीसगाव

अरे, तू माझ्याच जुन्या चुकीच्या वाटेवर उभा आहेस, म्हणून तुला जरा सावकाश सांगते.

क्लोरीनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सात. तीन फ्लोरीनला तीन गेले, चार उरले, दोन एकाकी जोड्या. एकूण पाच काटे. पाचांची मांडणी आठवायला बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आण, फक्त तीनच आरे असलेलं. आऱ्यांमध्ये १२०-१२० अंश. आसाची दोन टोकं चाकाच्या दोन्ही बाजूंना बाहेर, प्रत्येक आऱ्याशी ९० अंशांवर.

आता प्रश्न एवढाच की दोन एकाकी जोड्या कुठे बसतील, आऱ्यांवर की आसावर? त्या ऐसपैस, त्यांना जागा जास्त हवी. आसाच्या टोकावर बसलं तर ९० अंशांवर तीन शेजारी. आऱ्यावर बसलं तर ९० अंशांवर दोनच, बाकीचे दोन आरे लांब १२० वर. म्हणून दोघी आऱ्यांवर बसतात. फ्लोरीनला राहिला एक आरा आणि आसाची दोन टोकं. दोन आरे पुसून टाक आणि उरलेलं बघ, आडवा ‘टी’. एकाकी जोड्यांच्या रेट्याने आसाची टोकं उरलेल्या आऱ्याकडे किंचित झुकतात, म्हणून कोन पूर्ण ९० नसून साडेसत्त्याऐंशीच्या आसपास मिळतो.

हेच चाक ठेवून सल्फर टेट्राफ्लोराइड करून बघ. तिथे एकाकी जोडी एकच आहे. आणि नंतर झेनॉन टेट्राफ्लोराइड. झेनॉनचे आठ इलेक्ट्रॉन, चार बंधांत गेले, उरल्या दोन जोड्या, म्हणजे काटे सहा आणि चाकाला आरे चार. त्या दोन जोड्या या वेळी आऱ्यांवर जातील की आसावर, ते मातीच्या गोळ्यावर काटे लावून ठरव आणि कारणासह मला कळव. पोस्टकार्ड पुरेल.